वाचनालयाची चावी कोणाकडे आहे?

तुमच्या गावात वाचनालय आहे का असं कोणी विचारलं तर तुम्ही लगेच हो म्हणाल. ग्रामपंचायतीच्या शेजारी, नाहीतर मारुतीच्या देवळामागे, नाहीतर जुन्या चावडीच्या खोलीत ते असतंच. दारावर बोर्ड असतो. त्यावर स्थापनेचं साल, नोंदणी क्रमांक आणि 'शासनमान्य' हा शब्द असतो. पण त्याची चावी कोणाकडे असते असं पुढे विचारलं, की कट्ट्यावरची माणसं एकमेकांकडे बघायला लागतात. कोणी म्हणतं शिपायाकडे, कोणी म्हणतं अध्यक्षांच्या घरी, कोणी म्हणतं परवाच तर उघडं होतं. हे परवा नेमकं कधी, ते मात्र विचारायचं नाही.

मी शेती विस्ताराचं काम करतो. पीक प्रात्यक्षिकं, शेतीशाळा, पंचनामे, अर्जांची छाननी हे माझं रोजचं. वाचनालय हा आमच्या खात्याचा विषय नाही. ते ग्रंथालय संचालनालयाकडे, म्हणजे उच्च व तंत्रशिक्षण विभागाकडे येतं. मग कृषीवाल्याने यात कशाला पडायचं, असं एखादे भाऊसाहेब म्हणतील. (ग्रामसेवकाचं पदनाम बदललं तरी गाव त्यांना भाऊसाहेबच म्हणतं, म्हणून मीही म्हणतो.) त्याचं कारण असं, की गावात गेलेल्या आमच्यासारख्या माणसाचा निम्मा वेळ वाट बघण्यात जातो. कधी सरपंच तालुक्याला गेलेले असतात, कधी लाईट नसते, कधी पाऊस धरतो. अशा रिकाम्या तासांत मी गेल्या दोन वर्षांत गावोगावच्या वाचनालयांत जाऊन बसायला लागलो. डिप्लोमाला असताना वसतिगृहात हाताला लागेल ते वाचायची सवय होती. नोकरी लागली आणि परिपत्रकांपलीकडे वाचन राहिलं नाही. ती सवय या खोल्यांनी परत लावली, आणि खरं सांगायचं तर त्यात मला फार मजा आली.

या खोल्यांत काय सापडतं ते ऐका. कपाटाच्या वरच्या कप्प्यात कृषी खात्याच्या 'शेतकरी' मासिकाचे दोऱ्याने शिवलेले जुने अंक. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या 'कृषिदर्शनी', कुठे परभणीची 'शेतीभाती', कुठे 'बळीराजा'. शेजारी वाईहून निघालेल्या विश्वकोशाचे जाडजूड खंड, पुष्कळ ठिकाणी न उघडलेले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला. आमच्या एका गावात त्या खंडाची पानं अजून एकमेकांना चिकटलेली आहेत. खालच्या कप्प्यात कादंबऱ्या. त्या मात्र वाचून वाचून खिळखिळ्या झालेल्या. माडगूळकरांची 'बनगरवाडी', अण्णाभाऊ साठ्यांची 'फकिरा', आनंद यादवांची 'झोंबी'. मागच्या पानावर तारखांचे शिक्के बघत गेलं, की कोणत्या सालापर्यंत गाव वाचत होतं ते कळतं. बहुतेक ठिकाणी शिक्के दाट असतात, मग विरळ होतात, मग थांबतात.

ते का थांबले, याला सगळे एकच उत्तर देतात. मोबाईल आला. मला हे उत्तर अर्धंच पटतं. मोबाईलवर माझा राग नाही. २०१८ साली मक्यावर अमेरिकन लष्करी अळी आली, तेव्हा तिचे फोटो आणि तिची ओळख गावोगाव पोहोचवायला मोबाईलच उपयोगी पडला. त्या अळीचं नावही जुन्या पुस्तकात सापडलं नसतं. बाजारभाव, पावसाचा अंदाज, अनुदानाचा अर्ज हे सगळं आता हातातल्या फोनवर आहे आणि ते तसंच असावं. पण मोबाईलवर येतं त्याचा धनी कोण ते कळत नाही. अमुक औषधात तमुक खत मिसळा, वर कपड्याची पावडर टाका, तुडतुडे पळतात, असा निरोप येतो. कोणी लिहिला, कोणत्या पिकावर, कोणत्या जमिनीत, कोणत्या साली, काही पत्ता नाही. फवारणी करून पानं करपली की मग आम्हाला फोन येतो. पुस्तकावर निदान नाव असतं, विद्यापीठ असतं, साल असतं. चुकलं तर कोणाला विचारायचं ते माहीत असतं.

आता इथे मला एक गोष्ट बजावून सांगायची आहे. जुनी शेतीची पुस्तकं वाचताना औषधांचं प्रकरण वाचा, पण वापरू नका. त्यात पानोपानी बीएचसी पावडर धुरळायला सांगितलेली आहे. ती आपल्या देशात १९९७ साली बंद झाली. एंडोसल्फान सांगितलेलं आहे, त्यावर २०११ साली सुप्रीम कोर्टाने बंदी घातली. औषधाची आजची शिफारस आजच्याच माणसाला विचारायची. पण जमीन, पाणी, पिकाची वाढ आणि किडीचा जन्मक्रम हे साल बदललं म्हणून बदलत नाही. ते जुन्या पुस्तकात बहुतेक वेळा आजच्या घडीपत्रिकेपेक्षा सविस्तर सापडतं. तेव्हा लिहिणाऱ्याला जागा मिळत होती आणि वाचणाऱ्याला वेळ होता.

हुमणीचंच बघा. आमच्या भागात ऊस आणि भुईमूग दोन्ही हुमणीने खाल्ले जातात. शेतकरी अळी दिसल्यावर धावपळ करतो. तोपर्यंत ती मुळाशी गेलेली असते आणि औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. एका गावात एक आजोबा वाचनालयातला 'शेतकरी'चा जुना अंक घेऊन माझ्याकडे आले. त्यात हुमणीवर चांगला लेख होता. वळवाचे पहिले पाऊस झाले की जमिनीतले भुंगेरे संध्याकाळी बाहेर पडतात, कडुनिंब, बाभूळ, बोरीवर गोळा होऊन पाला खातात आणि तिथेच त्यांचं मीलन होतं. त्याच वेळी फांद्या हलवून ते पाडायचे आणि रॉकेल टाकलेल्या पाण्यात मारायचे. मादी अंडी घालण्याआधी मेली की पुढची सगळी फौज गेली. आजोबांनी मला विचारलं, "साहेब, हे खरं आहे ना? मग तुम्ही लोक हे सप्टेंबरात का सांगता?"

प्रश्न बरोबर होता. आम्ही हे मे-जूनमध्येही सांगतो, पण तेव्हा शेतकरी पेरणीच्या घाईत असतो आणि घडीपत्रिका गठ्ठ्यात असते. त्या अंकातलं पुढचं वाक्य जास्त महत्त्वाचं होतं. हे काम एकट्या शेतकऱ्याने करून भागत नाही, सगळ्या गावाने एकाच आठवड्यात करावं लागतं, कारण भुंगेऱ्याला बांध कळत नाही. ज्याला लेख सापडला त्याने वाचून घरी ठेवला तर काही उपयोग नाही. तो चार माणसांत वाचला गेला पाहिजे. अशी वाचायची जागा गावात कुठे आहे? देऊळ आहे, पण तिथे भजन असतं. कट्टा आहे, तिथे राजकारण असतं. उरतं ते वाचनालय.

शेतकऱ्याला वाचनाची सवय नाही, असं शहरातली माणसं म्हणतात. आपलेही काही शिकलेले लोक म्हणतात. मला ते मान्य नाही. श्रावणात घरोघरी पोथी लागते. हरिविजय, पांडवप्रताप, भक्तिविजय. एक जण ओवी वाचतो, दुसरा अर्थ सांगतो, बाकीचे ऐकतात, मध्येच एखादी म्हातारी शंका काढते. याला वाचन नाही तर काय म्हणायचं? महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ साली लिहिला, तेव्हा त्यातले भाग त्यांनी गावोगाव लोकांना वाचून दाखवले होते. शेतकऱ्यावरचं पुस्तक छापून येण्याआधी शेतकऱ्याच्या कानावर गेलं होतं. पुस्तक म्हणजे एकट्याने कोपऱ्यात बसून वाचायची चीज, ही समजूत नंतरची आहे.

वाचनालयं मात्र आधी शहरात झाली. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं. कलेक्टर, वकील, मास्तर यांची ती बसायची ठिकाणं. खेड्याचा विचार करणारा राजा म्हणजे बडोद्याचे सयाजीराव गायकवाड. त्यांनी १९१० साली अमेरिकेतून बॉर्डन नावाचा ग्रंथपाल बोलावला आणि राज्यभर फुकट वाचनालयं काढली. त्यात मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे फिरती पेटी. लाकडी पेटीत पुस्तकं भरून ती गावाला पाठवायची, वाचून झाली की परत घ्यायची आणि दुसऱ्या गावाला धाडायची. ज्या गावाला खोली नाही, कपाट नाही, त्या गावालाही पुस्तक मिळायचं. शंभर वर्षांहून जुनी ही युक्ती आज बचत गटाच्या बैठकीला किती छान चालेल!

हे मी उगाच म्हणत नाही. वाचनालयात बायका येत नाहीत हे आपण सगळे बघतो. दारात पुरुष बसलेले असतात, आत मुलं अभ्यास करत असतात, मग डोक्यावर पदर घेऊन कोण बाई तिथे 'एखादी कादंबरी द्या' म्हणायला जाणार? पण बायकांना वाचायचं असतं. एका गावात मी शेतीशाळेला जाताना वाचनालयातली आठ-दहा पुस्तकं पिशवीतून नेली आणि सहज मांडून ठेवली. शेतीशाळा सोयाबीनच्या बीजप्रक्रियेवर होती. ती संपली आणि बायका पुस्तकांभोवती गोळा झाल्या. बीजप्रक्रियेचं घडीपत्रक दोघींनी नेलं, पुस्तकं सगळी गेली. एका काकूंनी बहिणाबाईंच्या कवितांचं पुस्तक उचललं. शाळेत एक कविता होती, बाकीच्या कधी वाचल्याच नाहीत, म्हणाल्या. पुढच्या बैठकीला त्यांनी ते परत आणलं नाही. नणंदेकडे गेलंय म्हणे. नणंद शेजारच्या तालुक्यात. असू दे. पुस्तकाचं याहून चांगलं काय व्हायचं!

आम्हा कृषीवाल्यांना आणि सरकारी माणसांना एक खोड आहे. शेतकऱ्याने वाचायचं म्हणजे उपयोगाचंच वाचायचं. गांडूळ खत, ठिबक, शेळीपालन, कर्जमाफीचे निकष. डॉक्टरने फक्त औषधाची पुस्तकं वाचावी असं कोणी म्हणत नाही. मग शेतकऱ्यालाच का? दिवसभर पाणी धरून आलेल्या माणसाला रात्री गोष्ट हवी असते, हसायला हवं असतं, दुसऱ्या मुलखात काय चाललंय ते हवं असतं. आणि स्वतःचं जगणं कोणीतरी नीट लिहिलेलं वाचलं की जे वाटतं, ते अनुदानाच्या परिपत्रकात नाही. सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'ला २००४ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. सोयरीक, कर्ज, शिकलेल्या पोराची बेकारी, सगळं आपल्या घरातलं. एका तरुण शेतकऱ्याने ती वाचून मला परत दिली तेव्हा तो एवढंच म्हणाला, "हे आमच्या घरात बसून लिहिलंय का हो?" त्याने पुढे शेतीचं एकही पुस्तक नेलं नाही, कादंबऱ्याच नेतो. मला त्यात काही वावगं दिसत नाही.

मुलांबद्दलही बोलायला हवं. पुष्कळ गावांत वाचनालय म्हणजे आता अभ्यासिका झाली आहे. पोलीस भरती, तलाठी भरती, स्पर्धा परीक्षा. पोरं सकाळपासून बसतात. हे चांगलंच आहे. निदान त्यांच्यामुळे दार उघडं राहतं. पण आजोबा पेपर वाचायला आले, मोठ्याने वाचायला लागले, की त्यांना गप्प बसवलं जातं. मग ते येईनासे होतात. एका खोलीत दोन्ही भागवायचं तर वेळ वाटून घ्यावी. संध्याकाळी दोन तास गावाचे, बाकी पोरांचे. पोरांनाही दोन तास डोकं वर काढलेलं बरं.

आता मुद्द्याचं, म्हणजे पैशाचं आणि कायद्याचं. हे सरपंच, सदस्य आणि भाऊसाहेबांनी नीट वाचावं. आपल्या राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा आहे. शेजारच्या कर्नाटकात १९६५ च्या कायद्याने ग्रंथालयासाठी उपकर बसवला, आपल्याकडे तसा कर नाही. आपली पद्धत अशी, की गावातल्या माणसांनी संस्था नोंदवून वाचनालय चालवायचं आणि सरकारने अ, ब, क, ड असा दर्जा देऊन अनुदान द्यायचं. खेड्यातली बहुतेक वाचनालयं खालच्या दर्जाची. २०१२ साली महसूल खात्याकडून राज्यभर पडताळणी झाली, त्यात फक्त कागदावर चालणारी वाचनालयं उघडी पडली. चोरांबरोबर सावांनाही त्रास झाला. पुढे बरीच वर्षं नवी मान्यता आणि दर्जावाढ अडकून राहिली. २०२२ मध्ये अनुदानात ६० टक्के वाढ झाली. तरीही 'ड' दर्जाच्या वाचनालयातल्या ग्रंथपालाच्या हातात महिन्याला जे पडतं, त्यापेक्षा महिनाभर खुरपणीला जाणाऱ्या बाईची मजुरी जास्त भरते. मग तो माणूस दार उघडून आपल्या शेतावर जातो, नाहीतर दार उघडतच नाही. त्याला दोष देताना हे लक्षात असू द्या.

या पद्धतीत एक गोष्ट आपण विसरलो. वाचनालय सरकारचं नाही, पुढाऱ्याचंही नाही. ते नोंदणी झालेल्या संस्थेचं आहे आणि संस्था सभासदांची असते. वर्षाची वर्गणी भरून सभासद व्हा, वार्षिक सभेला जा, हिशेब मागा, पुस्तकं कोणती घ्यायची ते सांगा. काही ठिकाणी कार्यकारिणीतली निम्मी माणसं हयात नाहीत, तरी धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज गेलेला नाही. मार्चअखेरीला पुस्तकांचा गठ्ठा येतो, तो कोणी निवडला ते कोणालाच माहीत नसतं. ज्या गावात दहा-वीस माणसं खरोखर सभासद झाली, तिथे ही थेरं आपोआप कमी झालेली मी बघितली आहेत. ओरडून कमी होत नाहीत.

आणि ग्रामपंचायतीने 'आमचा काय संबंध' म्हणू नये. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ च्या पहिल्या अनुसूचीत पंचायतीच्या कामांची यादी आहे. त्यात ग्रंथालय आणि वाचनालय स्थापन करणं व चालवणं हे शब्द स्पष्ट लिहिलेले आहेत. गटार, दिवाबत्ती, पाणी यांच्याबरोबरीने. गावाच्या विकास आराखड्यात पेव्हर ब्लॉक आणि स्वागत कमानीला जागा असते, मग दोन ट्यूबलाईट, चार बाकडी आणि पेपरच्या बिलाला का नसावी? सातारा जिल्ह्यात महाबळेश्वर तालुक्यातलं भिलार ४ मे २०१७ ला पुस्तकांचं गाव झालं. ते स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्या शेतकऱ्यांचं गाव. तिथे लोकांनी आपल्या घराच्या ओसरीत, खोलीत पुस्तकं ठेवून घेतली. त्यामागे सरकारचा पैसा होता हे खरं, आणि प्रत्येक गाव भिलार होणार नाही हेही खरं. पण दार उघडून आलेल्या वाचकाला बसायला सांगायचं, एवढं करायला कोणाची मंजुरी लागत नाही.

हे सगळं आज लिहायचं कारण वेगळं आहे. आमच्या भागातल्या एका गावात वाचनालयाची खोली पाडून त्या जागी दुकानाचे गाळे काढायचं घाटत आहे. जागा पंचायतीची, मोक्याची, एसटी थांब्यासमोर. गाळ्यांचं भाडं येईल, पंचायतीचं उत्पन्न वाढेल, असं म्हणणं आहे. ते म्हणणं खोटं नाही. पुस्तकं शाळेच्या एका खोलीत हलवू, असंही सांगतात. पण शाळा पाचला बंद होते, गेटला कुलूप लागतं, आणि गावाचा वाचक पाचनंतरच मोकळा होतो. शिवाय एकदा पोत्यात भरलेली पुस्तकं परत कपाटात लागलेली मी तरी पाहिली नाहीत. वाळवी लागते तेवढी. माझं म्हणणं एवढंच आहे, की गाळे काढायचेच असतील तर खाली गाळे आणि वर वाचनालय असा नकाशा करा, आणि वरच्या खोलीची पायरी म्हाताऱ्या माणसाला चढता येईल अशी ठेवा. जिन्याचा खर्च एका गाळ्याच्या काही महिन्यांच्या भाड्यात निघेल. हे ग्रामसभेत मांडायला आम्हा बाहेरच्या माणसांना अधिकार नाही. तुम्हाला आहे. कोरम भरत नाही म्हणून तहकूब झालेल्या सभेत असे ठराव बिनबोभाट होऊन जातात, म्हणून त्या दिवशी शेतातून तासभर लवकर या.

त्याच गावातल्या आजोबांनी आणि अभ्यासिकेतल्या तीन पोरांनी मिळून सध्या संध्याकाळी दार उघडायला सुरुवात केली आहे. चावी त्यांच्याकडे असते. आधी पेपर वाचतात, मग 'शेतकरी'चा एखादा जुना लेख, मग कोणी आग्रह केला तर शंकर पाटलांची एखादी कथा, आणि कथेला गर्दी जास्त होते. रोहिणी निघायच्या आत हुमणीचा लेख वाचायचा, आणि वळवाच्या पहिल्या पावसानंतर सगळ्यांनी मिळून कडुनिंबाच्या फांद्या हलवायला निघायचं, असं ठरलं आहे. छताचे दोन पत्रे गळतात, ते त्याआधी बदलायला हवेत. पत्र्याला वर्गणी निघाली आहे, हुक अजून आणायचे आहेत.